रामसरचा करार आणि दोन सरोवरे

राजे आणि राष्ट्रे आजवर एकमेकांशी तह करीत आली ती बहुधा भूमीसाठी, खंडणीसाठी किंवा व्यापारासाठी. दलदलीच्या रक्षणासाठी कोणी तह केल्याचे जुन्या इतिहासात आढळत नाही. दलदल म्हणजे रोगराईचे माहेरघर. तिचे पाणी काढून टाकावे, ती बुजवावी आणि तिथे नांगर घालावा, हाच शतकानुशतके शहाणपणाचा मार्ग मानला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही दृष्टी पालटू लागली. पुराचे पाणी पोटात घेणारी, गाळ अडवणारी, विहिरींना पाझर देणारी आणि माशांना व पाखरांना आश्रय देणारी पाणथळ भूमी ही पडीक जमीन नव्हे, ती एक संपत्ती आहे, असे विद्वान सांगू लागले. आणि पुढे राज्यकर्त्यांनाही ते मान्य करावे लागले. २ फेब्रुवारी १९७१ रोजी कास्पियन समुद्राच्या काठी, इराणातील रामसर या गावी अठरा राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी एका कराराचा मजकूर संमत केला. पाणथळ भूमींच्या रक्षणाचा हा पहिला जागतिक करार होय.

त्याची बीजे सुमारे नऊ वर्षे आधी पेरली गेली होती. १९६२ च्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीच्या मुखाशी असलेल्या कामार्ग प्रदेशात, पक्षिशास्त्रज्ञांची एक परिषद भरली. युरोपातील दलदली झपाट्याने नाहीशा होत आहेत आणि त्यांच्याबरोबर बदके व हंस कमी होत आहेत, ही त्या परिषदेची चिंता होती. सायबेरियात अंडी घालणारा आणि हिवाळा काढण्यासाठी हजारो मैल दक्षिणेकडे येणारा पक्षी कोणत्या देशाचा म्हणावयाचा? एका देशाने त्याचे कितीही लाड केले तरी वाटेवरच्या दुसऱ्या देशाने त्याचे तळे आटवले, तर पहिल्याचे सारे श्रम व्यर्थ जातात. तेव्हा हे काम एकट्यादुकट्याचे नाही, त्यासाठी राष्ट्राराष्ट्रांत करार हवा, हा विचार तिथे मूळ धरू लागला. स्वित्झर्लंडचे ल्यूक हॉफमन, इंग्लंडचे जॉफ्री मॅथ्यूज आणि इराणचे इस्कंदर फिरूझ यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि कराराचे अनेक मसुदे होऊन अखेर रामसर येथे तो सिद्ध झाला. आवश्यक त्या सात राष्ट्रांनी मान्यता दिल्यावर १९७५ च्या डिसेंबरात तो अमलात आला.

कराराची कलमे अवघी बारा. प्रत्येक सभासद राष्ट्राने आपल्या हद्दीतील निदान एक पाणथळ भूमी जागतिक यादीत घालावी. यादीतील भूमींचे रक्षण होईल आणि इतर भूमींचा वापर सुज्ञपणे होईल अशा रीतीने आपल्या योजना आखाव्यात. आणि यादीतील एखाद्या भूमीचे नैसर्गिक स्वरूप बदलू लागले तर ती वार्ता विनाविलंब कळवावी, हा त्यांचा सारांश. या कराराजवळ न्यायालय नाही, शिपाई नाही, दंडही नाही. वचन मोडणाऱ्या राष्ट्राला शिक्षा करण्याची तरतूद त्यात शोधूनही सापडणार नाही. असे असूनही आज सुमारे १७० राष्ट्रे त्याची सभासद आहेत आणि त्याच्या यादीत अडीच हजारांवर पाणथळ भूमी आहेत. दंडशक्ती नसलेले वचन राष्ट्रे पाळतात ती कशी, आणि जिथे पाळत नाहीत तिथे घोडे अडते ते कुठे, हा प्रश्न म्हणून अभ्यासण्यासारखा आहे.

या प्रश्नाची पहिली गाठ पडते ती संघराज्यांत. करार करते ते मध्यवर्ती सरकार. पण भूमी, पाणी आणि रान ही बहुधा घटक राज्यांच्या ताब्यात असतात. एकाने शब्द द्यावा आणि दुसऱ्याने तो पाळावा, असा हा व्यवहार असतो. अमेरिकेत या वादाचा निकाल फार पूर्वी लागला. स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीवर नियंत्रण घालणारा कायदा तेथील काँग्रेसने १९१३ मध्ये केला, तेव्हा खालच्या न्यायालयांनी तो घटनाबाह्य ठरवला. कारण शिकारीचे नियमन हा राज्यांचा अधिकार. मग १९१६ मध्ये अमेरिकेने ग्रेट ब्रिटनशी, म्हणजे कॅनडाच्या वतीने बोलणाऱ्या सत्तेशी, पक्षिरक्षणाचा तह केला आणि त्या तहाच्या अंमलबजावणीसाठी १९१८ मध्ये नवा कायदा आणला. मिसुरी राज्याने त्याला आव्हान दिले. १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती होम्स यांच्या मुखाने निर्णय दिला की, वैध तहाच्या पूर्तीसाठी केलेला हा कायदा ग्राह्य आहे. जो पक्षी आज एका राज्यात आणि उद्या दुसऱ्यात, त्याच्यावर कोणा एका राज्याची मालकी ती काय चालणार? जे साध्या कायद्याने साधले नव्हते ते तहाच्या आधाराने साधले.

ऑस्ट्रेलियात असाच प्रसंग १९८३ मध्ये उद्भवला. टास्मानिया राज्याला फ्रँकलिन नदीच्या खोऱ्यात वीजनिर्मितीसाठी धरण बांधावयाचे होते आणि तो प्रदेश आदल्याच वर्षी जागतिक वारशाच्या यादीत गेला होता. मध्यवर्ती सरकारने कायदा करून धरण रोखले. उच्चतम न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने ते ग्राह्य मानले. आंतरराष्ट्रीय कराराचे बंधन पाळण्यासाठी केंद्र राज्याच्या क्षेत्रात पाऊल टाकू शकते, हे तत्त्व तिथे एका मताने तरले.

भारताच्या घटनाकारांनी ही गाठ आधीच सोडवून ठेवली होती. घटनेच्या २५३ व्या अनुच्छेदाने कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी देशभर लागू होणारा कायदा करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, मग तो विषय राज्यसूचीतला का असेना. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा याच अधिकाराने झाला. पण अधिकार असणे वेगळे आणि तो गाजवणे वेगळे. पाणी राज्यांचे, जमीन राज्यांची, महसूल खाते राज्यांचे; बंधाऱ्याचे दरवाजे उघडावयाचे की बंद ठेवावयाचे, हे ठरते ते दिल्लीहून फार दूर. भारत १९८२ च्या फेब्रुवारीत रामसर कराराचा सभासद झाला. तत्पूर्वी, १ ऑक्टोबर १९८१ या एकाच तारखेने, दोन भारतीय पाणथळ भूमी जागतिक यादीत नोंदल्या गेल्या: राजस्थानातील भरतपूरजवळचे केवलादेव आणि ओरिसातील, म्हणजे आजच्या ओडिशातील, चिल्का सरोवर. एकाच दिवशी एकाच पंक्तीत बसलेल्या या दोघांच्या वाटा पुढे किती भिन्न झाल्या, हे पाहिले म्हणजे करार अमलात येणे म्हणजे काय, याचा उलगडा होतो.

केवलादेवचे क्षेत्र अवघे २९ चौरस किलोमीटर. ही दलदल काही अंशी मानवनिर्मित आहे. अठराव्या शतकात भरतपूरच्या जाट राजांनी अजान बांध घालून पुराचे पाणी अडवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानिकांनी तेथील खोलगट भागात कालव्याने पाणी आणून, लहान लहान बांध घालून बदकांच्या शिकारीचे रान तयार केले. शिवमंदिराजवळच्या शिलापट्टांवर त्या शिकारींचे आकडे आजही वाचावयास मिळतात. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. स्वातंत्र्यानंतर हे रान मोडून तिथे शेती करावी अशी मागणी झाली, तेव्हा डॉ. सलीम अली यांनी त्याच्या रक्षणासाठी आपले वजन खर्च केले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक तिथे येऊन पक्ष्यांच्या पायांत कडी घालीत आणि त्यांच्या प्रवासाचा माग काढीत.

१९८१-८२ मध्ये केवलादेवला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुराढोरांची चराई बंद झाली. भोवतालच्या गावांतील म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात उतरून गवत खात आल्या होत्या. त्यांना एकाएकी मज्जाव झाला. पर्यायी कुरणाची सोय झाली नाही. १९८२ च्या नोव्हेंबरात गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि त्यात काही गावकऱ्यांना प्राण गमवावे लागले. रक्षणाचे वचन राष्ट्राने दिले होते. त्याची पहिली किंमत मात्र ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांनी मोजली.

पुढचा भाग अधिकच विचार करावयास लावणारा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० ते १९९० अशी दहा वर्षे या दलदलीचा अभ्यास केला. चराई थांबल्यावर पाणगवत बेसुमार माजले. उथळ पाण्यावर त्याचा जाड थर पसरला, मोकळे पाणी आक्रसले आणि पाण्यावर वावरणाऱ्या पक्ष्यांना जागा उरली नाही. ज्या म्हशी उपद्रवी समजून बाहेर काढल्या त्याच त्या पाण्याच्या सफाईदार होत्या, असा या अभ्यासाचा निष्कर्ष निघाला. चराईबंदीचा आग्रह ज्यांनी धरला होता त्यांत डॉ. सलीम अली स्वतः होते आणि हा निष्कर्ष त्यांच्याच संस्थेने निर्भयपणे जगापुढे मांडला, ही गोष्ट भारतीय विज्ञानाला भूषणावह आहे. त्यानंतर गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली.

केवलादेवचे दुसरे दुखणे पाण्याचे. उद्यानाला वर्षाला सुमारे ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागते आणि ते मुख्यतः गंभीर नदीतून येत असे. नदीच्या वरच्या अंगाला करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले. अवर्षणाच्या वर्षांत धरणाजवळचे शेतकरी म्हणत, आमची पिके वाळत असताना पाखरांना पाणी का? २००४ मध्ये हा विरोध एवढा तीव्र झाला की उद्यानाचे पाणी थांबले आणि केवलादेव कोरडे पडले. १९८५ पासून हे उद्यान जागतिक वारशाच्या यादीतही असल्याने आंतरराष्ट्रीय विचारणा सुरू झाली आणि अखेर गोवर्धन नाल्याचे पाणी दूरवरून आणण्याची योजना २०१२ च्या सुमारास पुरी झाली. दरम्यान सायबेरियन क्रौंच भरतपूरला येईनासे झाले होते. १९६० नंतरच्या दशकात त्यांची संख्या दोनशेच्या घरात होती. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. यात एकट्या भरतपूरचा दोष नाही. वाटेवरच्या देशांतील शिकार आणि अशांतता यांनीही त्या पक्ष्यांचा बळी घेतला. एका देशाच्या श्रमाने स्थलांतरी पक्षी वाचत नाही, हे कामार्गच्या परिषदेचे भाकीत दुर्दैवाने खरे ठरले.

आता चिल्का. महानदीच्या त्रिभुजप्रदेशाच्या दक्षिणेस, समुद्र आणि नद्या यांच्या मीलनातून झालेले हे खाऱ्या-गोड्या पाण्याचे सरोवर पावसाळ्यात अकराशे चौरस किलोमीटरांहून अधिक पसरते. पुरी, खुर्दा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांतील मच्छीमारांच्या अनेक पिढ्या त्याने पोसल्या. सरोवराला समुद्राशी जोडणारे मुख गाळाने उत्तरेकडे सरकत गेले, पाण्याचा ये-जा करण्याचा मार्ग लांबला आणि अरुंद झाला. समुद्राचे पाणी आत येईना, नद्यांचा गाळ बाहेर जाईना. पाण्याचा खारेपणा घटला, तण माजले, मासळी आटली. १९९५-९६ मध्ये सरोवरातून जेमतेम १,३०० टनांच्या आसपास मासळी हाती आली.

ज्या काळात मासळी आटत होती त्याच काळात कोळंबीचे भाव परदेशी बाजारात चढत होते. काठाकाठाने जाळ्यांची आणि मातीच्या बांधांची कुंपणे, ज्यांना तिकडे घेरी म्हणतात, उभी राहू लागली. जे पाणी सर्वांचे होते ते थोड्यांचे झाले. एका बड्या उद्योगसमूहाच्या कोळंबी प्रकल्पाविरुद्ध मच्छीमारांनी आणि विद्यार्थ्यांनी १९९१-९२ मध्ये मोठे आंदोलन केले आणि तो प्रकल्प मागे घेण्यात आला. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चिल्का आणि पुलिकत या सरोवरांपासून एक हजार मीटरांच्या आत व्यापारी कोळंबी संवर्धनास मनाई केली. पुनर्विलोकनाच्या अर्जांनी आणि पुढे २००५ च्या कायद्याने त्या निर्णयाची धार बोथट झाली. घेरी मात्र निकालानेही हलल्या नव्हत्या. १९९९ च्या मे महिन्यात त्या मच्छीमारांनीच तोडल्या, तेव्हा सोरण गावी पोलिसांच्या गोळीबारात चार मच्छीमार मरण पावले. भरतपुराप्रमाणे इथेही पाण्याच्या काठी रक्त सांडले.

आता आंतरराष्ट्रीय यंत्रणेने काय केले ते पाहावयास हवे. १९९० मध्ये स्वित्झर्लंडमधील माँट्रो येथे भरलेल्या सभासद राष्ट्रांच्या परिषदेने, ज्या भूमींचे स्वरूप बिघडत आहे त्यांची एक वेगळी नोंदवही ठेवण्याचे ठरवले. तिला माँट्रो नोंदवही म्हणतात. केवलादेवचे नाव १९९० मध्येच तीत गेले; चिल्काचे १९९३ मध्ये. हे नाव घालते ते त्या देशाच्या संमतीने, त्यामुळे ती शिक्षा नव्हे. रुग्णाने स्वतःच वैद्याकडे जावे तसा हा प्रकार आहे. तथापि आपल्या सरोवराचे नाव या वहीत असणे कोणत्याही सरकारला रुचत नाही, आणि या करारापाशी असलेली शक्ती ती एवढीच.

चिल्काच्या बाबतीत ती उपयोगी पडली, कारण तिला जोड देणारी एक संस्था जागेवर होती. ओरिसा सरकारने १९९१ मध्ये चिल्का विकास प्राधिकरण स्थापन केले. जलसिंचन, मत्स्य, वन आणि महसूल या खात्यांत वाटला गेलेला एका सरोवराचा कारभार प्रथमच एका ठिकाणी विचारात घेतला जाऊ लागला. प्राधिकरणाने उपाय सुचवण्याचे काम अनुभवी संस्थांवर सोपवले. त्यांपैकी पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळेने भरती-ओहोटीचा आणि प्रवाहांचा प्रतिकृतीच्या साहाय्याने अभ्यास केला आणि समुद्राकडे जाण्याचा मार्ग सुमारे १८ किलोमीटरांनी कमी होईल अशा जागी नवे मुख खोदावे, असा निर्वाळा दिला. २३ सप्टेंबर २००० रोजी सातपाड्याजवळ वाळूचा पट्टा फोडून नवे मुख उघडण्यात आले. समुद्र पुन्हा आत आला. २००१-०२ मध्ये मासळीचे उत्पन्न सुमारे १२,००० टनांपर्यंत पोचले. २००१ च्या डिसेंबरात रामसर कार्यालयाचे तज्ज्ञ पाहणी करून गेले आणि ११ नोव्हेंबर २००२ रोजी चिल्काचे नाव माँट्रो नोंदवहीतून निघाले. असा मान मिळवणारे ते आशियातील पहिले स्थळ. त्याच वर्षीचा रामसर पुरस्कारही प्राधिकरणाला लाभला.

केवलादेवचे नाव मात्र अद्याप त्या वहीत आहे, आणि १९९३ मध्ये आलेले मणिपुरातील लोकटाक सरोवरही त्याच्या सोबतीला आहे. लोकटाकच्या खाली १९८३ मध्ये इथाई बंधारा झाला आणि त्याने पाण्याची पातळी वर्षभर चढी ठेवली. तरंगत्या फुमदींवर जगणाऱ्या संगाई हरणाचे घर त्यामुळे धोक्यात आले. वीज हवी तर पाणी तुंबवणे भाग आणि फुमदी हव्यात तर पाणी उतरणे भाग, असा तिथला पेच आहे.

तुलनेने एक गोष्ट स्पष्ट होते. चिल्काचे दुखणे बरे करताना मच्छीमारांचे हित आणि सरोवराचे हित एकाच दिशेने जात होते. मुख उघडले की मासळीही आली आणि पक्षीही सुखावले. भरतपुरास पाणी द्यावयाचे तर ते दुसऱ्या कोणाच्या शेतातून घ्यावे लागते. पहिल्या ठिकाणी अभियंत्याची विद्या पुरली. दुसऱ्या ठिकाणी न्यायाचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर प्रतिकृतीच्या प्रयोगशाळेत मिळत नाही. चिल्काचाही विजय संपूर्ण नव्हे. घेरी हटवण्याच्या मोहिमा पुढेही पुनःपुन्हा हाती घ्याव्या लागल्या. सरोवराचे पाणी सुधारले तरी त्या पाण्याची वाटणी सुधारलीच असे होत नाही.

कराराला देशाच्या कायद्यात स्थान मिळण्यास भारतात बराच काळ लागला. सभासदत्वानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९८६ च्या कायद्याच्या आधारे, ४ डिसेंबर २०१० रोजी पाणथळ भूमींचे पहिले नियम निघाले. त्यांत अधिकार केंद्रीय प्राधिकरणाकडे होता. २०१७ मध्ये नवे नियम आले आणि तो अधिकार राज्यांच्या प्राधिकरणांकडे गेला. कराराची ‘सुज्ञ वापर’ ही परिभाषा या नियमांनी स्वीकारली. त्याच वेळी भातशेते, नदीपात्रे आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले. त्याच वर्षीच्या ८ फेब्रुवारीस सर्वोच्च न्यायालयाने उपग्रहचित्रांवरून मोजलेल्या, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ भूमींना २०१० च्या नियमांतील तत्त्वांचे संरक्षण द्यावे असा आदेश दिला होता. दोन लाख तळ्यांची हद्द आखणे आणि सातबाऱ्यावर तिची नोंद करणे हे काम शेवटी तलाठ्याच्या आणि मोजणीदाराच्या हाती येते, आणि रामसरचा करार खऱ्या अर्थाने त्यांच्याच दप्तरात अमलात यावयाचा असतो.

यादी मात्र वेगाने वाढली. १९९० मध्ये सहा, २००५ मध्ये पंचवीस आणि २०१२ मध्ये सव्वीस असलेली भारतीय स्थळे २०२२ च्या ऑगस्टात ७५ झाली आणि २०२४ च्या ऑगस्टात ८५. महाराष्ट्राचे पहिले नाव २०१९ मध्ये आले, ते निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरचे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून झालेली ही दलदल महाराष्ट्राचे भरतपूर म्हणून ओळखली जाते. त्यानंतर २०२० मध्ये लोणारचे सरोवर आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी व गोव्यातील नंदा तळे यांची भर पडली. भरतपूरची उपमा अभिमानाने घेताना भरतपूरचा इतिहासही बरोबर घ्यावा लागतो. नांदूर मध्यमेश्वरचे पाणी सिंचनाचे आहे. तिथला शेतकरी आणि तिथला पाहुणा पक्षी यांचा हिशेब अवर्षणाच्या वर्षी कसा जुळवावयाचा, हे सुकाळाच्या वर्षीच ठरवून ठेवले पाहिजे.

रामसरच्या मसुद्यावर चर्चा करणाऱ्या प्रतिनिधींना कराराजवळ शिपाई नाही याची पूर्ण जाणीव होती. राष्ट्रांची लाज, शास्त्रज्ञांचे सत्य आणि काठावरच्या माणसाचा सहभाग या तीन आधारांवर त्यांनी भिस्त ठेवली. पहिले दोन आधार गेल्या अर्धशतकात बऱ्याच अंशी उपयोगी पडले आहेत. नोंदवहीने सरकारांना जागे केले आणि दहा वर्षांच्या अभ्यासाने म्हशींवरचा आरोप दूर केला. तिसरा आधार मात्र जिथे वगळला गेला तिथे केवलादेवच्या वेशीवर आणि सोरणच्या काठी माणसे पडली. यादीत नवे नाव घालताना जागेचा नकाशा आणि पक्ष्यांची गणती जोडावी लागते. त्याबरोबर त्या पाण्यावर कोणकोण जगतात आणि त्यांना कोणी विचारले आहे काय, याचीही एक नोंद जोडली गेली, तर पुढच्या सरोवरांच्या वाट्याला भरतपूरची पहिली वर्षे येणार नाहीत.